मॅडिसनचा हिवाळा नक्की कसा असतो? ऑगस्टमध्ये निघतेय, प्लीज सांगा

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. मला अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात, म्हणजे मॅडिसनला एमएसला अ‍ॅडमिशन मिळालीय आणि ऑगस्टच्या शेवटी निघायचंय. कोर्सेसचं, फंडिंगचं बऱ्यापैकी कळलंय पण थंडीचं काही केल्या नीट कळत नाहीये. आमच्याकडे निफाडला पारा ५-६ वर उतरला की पेपरात पहिल्या पानावर बातमी येते आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, माझी थंडीची कल्पना तिथेच संपते. नेटवर बघावं तर कुणी उणे ३० लिहितं, कुणी म्हणतं काही नाही होत गं, सवय होते.

तर मला खरंखुरं सांगा, रोजचा दिवस कसा असतो? पायी क्लासला जाता येतं का, की दारातून बाहेर पडणंच मुश्कील असतं? बर्फ पडला की कॉलेजला सुट्टी देतात का? बाबा म्हणतायत जाड जॅकेट आणि बूट इथूनच घेऊन जा, तिकडे महाग पडेल, आणि आईने आत्तापासून स्वेटर विणायला घेतलाय. बॅगेचं वजन मर्यादित आहे त्यामुळे काय न्यायचं काय नाही हे पण सांगा. मला खरंच टेन्शन आलंय कारण मला थंडी सहन होत नाही फारशी.

तळ्याकाठचा

अभिनंदन! मी इथे पीएचडीला आलो आणि मग इथेच नोकरीला लागलो, त्यामुळे बरेच हिवाळे काढलेत. आधी आकडे सांगतो म्हणजे धास्ती कमी होईल. जानेवारी सगळ्यात थंड महिना, त्यात दिवसाचं कमाल तापमान सरासरी उणे ३ सेल्सियसच्या आसपास आणि रात्रीचं किमान उणे १२ च्या आसपास. उणे २० च्या खालचे दिवस बहुतेक वर्षी येतात पण ते लाटेसारखे येतात, दोन-चार दिवस राहतात आणि जातात. उणे ३० ही इथेसुद्धा बातमीच असते. २०१९ च्या जानेवारीअखेरीस ध्रुवाकडची थंड हवा खाली घसरली होती तेव्हा इथे पारा उणे ३० च्या खाली गेला, वाऱ्यासकट उणे ४० च्याही खाली वाटत होतं, आणि विद्यापीठाने क्लास रद्द केले होते. शहराचा सगळ्यात थंड नोंदलेला दिवस ३० जानेवारी १९५१, तेव्हा उणे ३८ सेल्सियस.

सुट्टीचं विचारलंस तर ती आशा सोड. २ फेब्रुवारी २०११ ला मोठं हिमवादळ आलं तेव्हा दिली होती, आणि मग २०१९ ची ती थंडी. लोकांना अशा सुट्ट्या तारखेसकट लक्षात राहतात यावरूनच समज. एरवी रात्रभर बर्फ पडला तरी पहाटे बर्फ बाजूला सारणाऱ्या गाड्या, म्हणजे प्लाऊ, फिरतात, आठपर्यंत मुख्य रस्ते मोकळे झालेले असतात आणि सगळे गुमान क्लासला येतात.

एक गोष्ट पहिल्या आठवड्यातच करून टाक, फोनवर तापमान फॅरनहाइटमध्येच बघायची सवय लाव कारण इथे सगळे त्यातच बोलतात. ३२ ला पाणी गोठतं, ० म्हणजे उणे १८ सेल्सियस, आणि उणे ४० ला दोन्ही मोजमापं एकच होतात. 'आज सिंगल डिजिट आहे' असं कुणी म्हणालं की कानटोपी घालायची.

पण नुसता आकडा बघून बाहेर पडू नकोस, वारा बघ. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ० फॅरनहाइटला ताशी २४ किलोमीटर वारा असला तर अंगाला ते उणे २८ सेल्सियससारखं लागतं आणि उघडी कातडी अर्ध्या तासात गोठू शकते. त्याच तापमानाला वारा पडलेला असेल तर नीट कपडे घालून तू आरामात चालत जाशील. मॅडिसनचा मधला भाग मेंडोटा आणि मोनोना या दोन तळ्यांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलाय आणि कॅम्पस मेंडोटाच्या दक्षिण काठाला लागून आहे. तळं जवळजवळ ४० चौरस किलोमीटरचं. उत्तरेचा वारा सुटला की त्याला अडवायला मध्ये झाड नाही की घर नाही, थेट तोंडावर येतो. त्यामुळे अशा दिवशी तळ्याकाठचा रस्ता सोडून आतल्या रस्त्याने, बिल्डिंगांच्या आडोशाने जायचं, आणि वाटेत एखाद्या बिल्डिंगमधून आरपार जाता येत असेल तर आतून जायचं. सगळे असंच करतात.

अजून एक, आपल्याकडून आलेल्या माणसाला हे उलटं वाटतं. खिडकीतून निळंशार आकाश आणि लख्ख ऊन दिसलं की आपण म्हणतो वा, आज छान आहे. जानेवारीत तोच दिवस सगळ्यात थंड निघतो. ढग नसले की रात्री जमिनीची उष्णता वर निघून जाते, त्यात ताजा बर्फ असेल तर दिवसाचं ऊनही तो परत फेकतो. आणि आभाळ भरून बर्फ पडत असतो तेव्हा हवा त्या मानाने उबदार असते. बर्फ पडताना चालायला मला तर मजा येते.

मिटन्स_घाला

तळ्याकाठचा यांनी हवामानाचं छान सांगितलंय, मी कपड्यांचं सांगते कारण मी नवीन येणाऱ्या मुलामुलींना खरेदीला घेऊन जाते दरवर्षी.

बाबांना सांग जॅकेट आणि बूट तिकडून अजिबात घेऊ नका. तिथे जे जाड जॅकेट म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा उणे ५ पर्यंत ठीक असतं, वारा आत येतो, लांबीला कमरेपर्यंतच असतं आणि बॅगेतली अर्धी जागा खातं. इथे ऑगस्टला कडक उन्हाळा असतो, पहिला बर्फ साधारण नोव्हेंबरात, त्यामुळे तुला दोन महिने मिळतात आरामात बघायला. जुन्या कपड्यांच्या दुकानांत चांगल्या कंपन्यांचे पिसांचे कोट निम्म्याहून कमी किमतीत मिळतात, कारण दरवर्षी शिकून बाहेर पडणारी मुलं गरम प्रदेशात नोकरीला जाताना ते देऊन टाकतात. मांडीपर्यंत येणारा, टोपी असलेला आणि मनगटाशी घट्ट बसणारा घे.

तिकडून काय आणायचं तर थर्मलचे दोन-तीन जोड (आपल्याकडे चांगले आणि स्वस्त मिळतात), कानटोपी, एक पातळ लोकरीची शाल. आणि आईचा स्वेटर नक्की आण! खरी लोकर असेल तर मधल्या थराला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. थर तीन हवेत, अंगालगत घाम शोषून बाहेर टाकणारं, मध्ये ऊब धरणारं आणि वर वारा-पाणी अडवणारं. सुती बनियन आणि सुती मोजे या हवेत नकोत, एकदा घामाने ओले झाले की वाळत नाहीत आणि मग त्याच ओलाव्याने गारठायला होतं. जीन्सचंही तेच. जीन्सच्या आत थर्मल घातलं तर चालतं पण फार थंडीत लोकरीची किंवा फ्लीसची पँट बरी.

बूट नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे घे, कारण आत जाड मोजे येणार आणि पाय आवळला गेला की रक्तपुरवठा कमी होऊन बोटं आधी बधिर होतात. तळवा खोल खाचांचा, आणि वॉटरप्रूफ. वॉटरप्रूफ यासाठी की रस्त्याच्या कडेला, फूटपाथवरून उतरतो तिथे मीठ (बर्फ वितळावा म्हणून टाकतात) आणि अर्धवट वितळलेल्या बर्फाचा राखाडी लगदा साचतो, वरून वाटतं बोटभर आहे आणि पाय घोट्यापर्यंत आत जातो. दिवसभर ओल्या मोज्यांत क्लासमध्ये बसायचं म्हणजे शिक्षा. हातासाठी पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा मिटन्स घे, बोटं एकत्र राहिली की एकमेकांना ऊब देतात, फोनसाठी आत पातळ मोजे घालता येतात. फोन आतल्या खिशात ठेव, बाहेरच्या खिशात बॅटरी ४० टक्क्यांवरून धाडकन बंद पडते.

आणि ओल्या केसांनी बाहेर पडू नकोस, केस काडीसारखे कडक होतात.

गोदाकाठ

बापरे किती छान सांगताय सगळे, खूप खूप धन्यवाद _/\_ बाबांना लगेच वाचून दाखवलं, जॅकेटचा विषय संपला. आई पण खूश झाली.

म्हणजे कपडे नीट असतील तर थंडी एवढी काही भयंकर नाही असं समजू का? मला वाटत होतं चार महिने घरातच कोंडून घ्यावं लागणार.

उत्तररात्र

थंडी भयंकर नाही हे बरोबर, पण वरच्या दोघांनी अंधाराबद्दल एक अक्षर लिहिलं नाही याचं आश्चर्य वाटलं. माझ्या मते इथला खरा त्रास तोच आहे आणि येताना त्याबद्दल कुणी सांगत नाही, सगळे जॅकेटवर बोलतात.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि एका दिवसात संध्याकाळ नाहीशी होते. डिसेंबरात सूर्य सकाळी साडेसातच्या जरा आधी उगवतो आणि दुपारी साडेचारच्या आतच मावळतो. म्हणजे उजेड फक्त नऊ तास, आणि तोही तिरपा, त्यात ढगाळ आठवडा लागला तर सूर्य दिसतच नाही. तू लॅबमध्ये दुपारी दोनला गेलीस आणि पाचला बाहेर आलीस तर काळोख. शरीराला कळत नाही काय चाललंय, झोप वाढते, गोड खावंसं वाटतं, कुणाला भेटू नये असं वाटतं, अभ्यासात लक्ष लागत नाही. बरीच मुलं याला आळस समजून स्वतःला बोल लावत बसतात आणि मग घरी फोनवर पण सांगत नाहीत. आळस नाहीये तो. हिवाळ्यात येणारं नैराश्य हा वैद्यकात नोंदलेला प्रकार आहे आणि त्यावर उपाय आहेत.

१०,००० लक्सचा (लक्स म्हणजे उजेडाचं माप) दिवा मिळतो, सकाळी उठल्याउठल्या वीस-तीस मिनिटं समोर ठेवून चहा प्यायचा, वाचायचं, त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही. ऑक्टोबरातच सुरू केलेला बरा. ड जीवनसत्त्व निघण्याआधी तिकडेच रक्तातलं तपासून घे, आपल्या लोकांत आधीच कमी असतं. आणि रोज दुपारी, कितीही कंटाळा आला तरी, उजेड असताना अर्धा तास बाहेर. ढगाळ दिवसाचा बाहेरचा उजेडसुद्धा खोलीतल्या दिव्यापेक्षा कितीतरी पट असतो. जेवायला बाहेरून फिरून जायचं. मन जास्तच खचतंय असं वाटलं तर विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात समुपदेशन आहे, त्याचे विद्यार्थ्यांकडून वेगळे पैसे घेत नाहीत, तिथे जायला अजिबात लाजू नकोस.

आणि हो, फेब्रुवारीपेक्षा मार्च जड जातो. डोक्यात असतं की मार्च म्हणजे वसंत, होळी, आणि इथे अजून बर्फ. एप्रिलमध्येही पडतो कधीकधी. हे मनाशी आधीच धरून ठेव म्हणजे तेव्हा निराशा होणार नाही.

मिटन्स_घाला

@उत्तररात्र पटलं, हे लिहायलाच हवं होतं. फक्त एक जोडते, मिशिगन तळ्याच्या पलीकडे म्हणजे पूर्वेला अ‍ॅन आर्बर वगैरेला राहणाऱ्या मैत्रिणी सांगतात की त्यांच्याकडे हिवाळाभर आभाळ भरलेलंच असतं. पश्चिमेचा वारा तळ्यावरून वाफ उचलून त्यांच्याकडे नेतो. आपण तळ्याच्या पश्चिमेला, त्यामुळे आपल्याकडे थंडी थोडी जास्त पण ऊन बऱ्यापैकी मिळतं. त्या उन्हात बर्फावरून इतका उजेड येतो की गॉगल लागतो. तेही बॅगेत टाक.

मॅडिसनची_काकू

बाळा, मी इथे बरीच वर्षं संसार केलाय, मुलं इथेच वाढली, म्हणून घराचं आणि तब्येतीचं सांगते.

घर बघताना भाड्यात हीटिंग धरलंय का ते आधी विचार. जुन्या लाकडी घरांत भाडं कमी दिसतं पण खिडक्यांच्या फटीतून वारा येतो आणि जानेवारीचं बिल बघून मुलं हीटर बंद करून बसतात. तसं करू नये. खिडकीला लावायचं प्लॅस्टिकचं पारदर्शक आवरण मिळतं, चिकटवून हेअर ड्रायरने ताणून घ्यायचं, त्याने पुष्कळ फरक पडतो. डिसेंबरच्या सुट्टीत गावाला जाताना हीटिंग पूर्ण बंद करून जायचं नाही, निदान १३ सेल्सियसवर म्हणजे ५५ फॅरनहाइटवर ठेवायचं, नाहीतर भिंतीतले पाण्याचे नळ गोठून फुटतात. फारच थंडी असली तर स्वयंपाकघरातला नळ बारीक धारेने चालू ठेवायचा आणि सिंकखालची दारं उघडी ठेवायची. छोटा विजेचा हीटर घेतलास तर तो थेट भिंतीतल्या प्लगला लाव, एक्स्टेन्शनला नको, आणि पडद्यापासून लांब.

हीटिंगने घरातली हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं, रात्री घसा सुकतो. ह्युमिडिफायर घे नाहीतर ओले कपडे खोलीतच वाळत घाल. खोबरेल तेल दगडासारखं होतं, रुंद तोंडाच्या बरणीत काढून ठेव म्हणजे चमच्याने घेता येईल. आंघोळीनंतर अंग जरा ओलसर असतानाच तेल किंवा जाड क्रीम लावायचं.

आता महत्त्वाचं. कान, नाकाचा शेंडा, बोटं यांत आधी टोचतं, दुखतं. दुखणं थांबून बधिर झालं आणि कातडी पांढरट, मेणासारखी दिसायला लागली की लगेच घरात यायचं. चोळायचं नाही, शेगडीवर शेकायचं नाही, कढत पाणी नाही. अंगाइतक्या कोमट पाण्यात हात-पाय ठेवायचे. तरी रंग परत येत नसेल, फोड आले तर दवाखाना. आपल्याकडे हात गारठले की चोळतात, तीच सवय इथे घातक.

आणि पडण्याचं भय थंडीपेक्षा जास्त धर. दुपारी वितळलेलं पाणी रात्री पुन्हा गोठतं, सकाळी फूटपाथ नुसता ओला दिसतो पण ती काच असते. मीठ टाकतात पण उणे ९ च्या खाली साधं मीठ नीट काम करत नाही. छोटी पावलं टाकायची, पाय सपाट ठेवायचे, हात खिशाबाहेर, वजन पुढच्या पायावर. बॅस्कम हिल नावाचा कॅम्पसवरचा चढ आहे, तो उतरताना तर फोन बघायचाच नाही. फार निसरडं असलं की बसने जा, विद्यार्थ्यांना बसचा पास मिळतो आणि कॅम्पसची ८० नंबरची बस सगळ्यांनाच फुकट आहे.

पुढे कधी गाडी घेतलीस तर स्नो इमर्जन्सी, म्हणजे फार बर्फ पडल्यावरची आणीबाणी, शहराने जाहीर केली की रात्री गाडी रस्त्याच्या कोणत्या बाजूला लावायची याचे नियम असतात, सम तारखेला सम घरनंबरांची बाजू, विषमला विषम. प्लाऊला जागा मिळावी म्हणून असतं ते. आणि बर्फात गाडी अडकली असेल तर आधी धुराचा पाइप मोकळा करायचा, मगच इंजिन चालू करायचं, नाहीतर विषारी वायू आत येतो.

गोदाकाठ

काकू, हे सगळं मी वहीत लिहून घेतलंय, नळाचं तर कधीच सुचलं नसतं. अंधाराबद्दल पण बरं झालं आधी कळलं, दिव्याचे पैसे बजेटमध्ये धरले.

शेवटचं एक विचारू का, एका व्हिडिओत लोक गोठलेल्या तळ्यावर चक्क चालताना दिसले, तंबू ठोकून मासे पकडत होते. ते खरंच सेफ असतं का? आणि कधी गोठतं साधारण?

तळ्याकाठचा

आता माझ्या आवडीच्या विषयावर आलीस. उत्तररात्र म्हणतात ते अंधाराचं मी कमी लेखत नाही, पण मला ज्या गोष्टीने इथले हिवाळे निभवायला मदत केली ती हे तळं.

मोनोना लहान म्हणून आधी गोठतं. मेंडोटा जास्त खोल, साधारण २५ मीटर, त्याला आपली उष्णता सोडायला वेळ लागतो, डिसेंबरअखेर किंवा जानेवारी उजाडतो. याच्या गोठण्या-वितळण्याच्या नोंदी १८५० च्या दशकापासून आहेत. एवढं मोठं तळं 'गोठलं' कधी म्हणायचं, तर पिकनिक पॉइंट ते मेपल ब्लफ या काठावरच्या दोन जागांमध्ये नाव वल्हवत जाता येईनाशी झाली की. १८८०-८१ च्या हिवाळ्यात ते १६१ दिवस गोठलेलं होतं आणि २००१-०२ ला फक्त २१ दिवस. वर्षावर्षाला फरक पडतोच, पण एकंदरीत बर्फाचा काळ आखडत चाललाय, त्या जुन्या नोंदींच्या तुलनेत कितीतरी आठवड्यांनी, आणि इथल्या म्हाताऱ्या लोकांना त्याचं खूप वाईट वाटतं. उत्तर अमेरिकेत तळ्यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास एडवर्ड बर्ज आणि चॅन्सी ज्यूडे यांनी याच काठावर सुरू केला, त्यामुळे हे तळं जगातल्या सगळ्यात जास्त अभ्यासलेल्या तळ्यांपैकी एक आहे. विद्यापीठाची प्रयोगशाळा अजून काठावरच आहे.

जाड गोठलं की तळं म्हणजे गावाचं मैदानच होतं. स्की करणारे, शिडाच्या बर्फगाड्या, मासे पकडणारे, कुत्री फिरवणारे. १९७९ साली विद्यार्थ्यांनी बर्फावर स्वातंत्र्यदेवतेचं डोकं आणि मशाल धरलेला हात उभारला होता, जणू पुतळा बर्फाखाली बुडालाय, अजूनही काही हिवाळ्यांत त्याची आवृत्ती मांडतात. उणे १० च्या खाली बर्फावर चाललीस की पायाखाली करकर असा कोरडा आवाज येतो, आणि थंडी वाढायला लागली की बर्फ आकसून तडकतो तेव्हा लांबवरून तोफेसारखा घुमतो. पहिल्यांदा छातीत धस्स होतं. नुसत्या त्या आवाजाने बर्फ फुटत नाहीये, घाबरायचं नाही.

पण सेफ आहे का, याचं उत्तर दर दिवशी वेगळं असतं. चालायला निदान १० सेंटीमीटर स्वच्छ, काचेसारखा निळसर बर्फ हवा. पांढरा, दुधाळ बर्फ त्याच्या निम्म्या ताकदीचा धरायचा, आणि वर बर्फाची पावडर साचलेली असेल तर खाली काय आहे ते दिसतच नाही. काठाला जिथे गटाराचं किंवा नदीचं पाणी येऊन मिळतं तिथे, पुलाखाली आणि मोठ्या भेगांपाशी बर्फ कायम पातळ असतो. मार्चमध्ये जाडी तेवढीच दिसली तरी आतून भुसभुशीत झालेला असतो, तेव्हा जायचंच नाही. पहिल्या वर्षी एकटी जाऊ नकोस, रात्री जाऊ नकोस, आणि जिथे मासेवाल्यांचे तंबू आहेत, त्यांच्या रोजच्या वाटा पडल्यात तिथूनच जा. ते लोक रोज भोक पाडून जाडी मोजतात, त्यांना विचारलंस तर आनंदाने सांगतात. विद्यापीठाचा हूफर्स नावाचा क्लब आहे, स्की आणि बाहेरच्या खेळांचा, सप्टेंबरातच त्यात नाव घाल, म्हणजे डिसेंबर यायच्या आत सोबत जाणारी माणसं ओळखीची झालेली असतील.